लष्करी विमानांची ओळख

लष्करी विमानांची ओळख : आकाशात किंवा छायाचित्रात दिसणाऱ्या लष्करी विमानाचा प्रकार, उपप्रकार, मालक दल आणि शक्य असल्यास नेमके ते विमान कोणते, हे दिसणाऱ्या खुणांवरून ठरवण्याची पद्धत. हौशी निरीक्षक तिला ‘स्पॉटिंग’ म्हणतात. आकार पाहून नाव सांगणे एवढाच तिचा अर्थ सर्वसाधारणपणे घेतला जातो. प्रत्यक्षात आकार हा तिच्यातला सर्वांत कच्चा पुरावा आहे. आकार, क्रमांक आणि काळ या तिन्हींचा मेळ बसला तरच ओळख पक्की होते. आणि असा मेळ घालण्याची सवय असल्यामुळेच ही हौस लष्करी इतिहासाला उपयोगी पडते.

नवी मुंबईतील कोपरखैरणे हे आकाराच्या मर्यादा समजून घ्यायला सोयीचे ठिकाण आहे. मुंबई विमानतळाच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीकडे पूर्वेकडून येणारी विमाने ठाण्याची खाडी ओलांडण्याआधी याच पट्ट्यावरून खाली येत असतात. त्यात बोइंग ७३७ हे नेहमीचे विमान. नौदलाचे पी-८आय हे पाणबुडीविरोधी टेहळणी विमान याच ७३७ पासून बनले आहे, आणि लांबून पाहणाऱ्याला दोहोंत फरक वाटत नाही. फरक कडांवर असतो : ७३७-८०० च्या पंखांची टोके वर वळलेली असतात, पी-८आयची मागे निमुळती होत जातात, शिवाय शेपटीच्या टोकाला चुंबकीय शोधयंत्राचा दांडा बाहेर आलेला असतो. राष्ट्रपती व पंतप्रधान यांच्यासाठी २०२० मध्ये आलेल्या दोन बोइंग ७७७ विमानांची गोष्ट याहून अवघड. आकाराने ती प्रवासी विमानेच आहेत. ती हवाई दलाची आहेत हे के ७०६६ आणि के ७०६७ या क्रमांकांवरून कळते. नवी मुंबई विमानतळाच्या धावपट्टीवर ११ ऑक्टोबर २०२४ रोजी पहिल्यांदा उतरलेले विमानही लष्करीच होते : हवाई दलाचे सी-२९५. त्याच दिवशी सुखोई-३० ने धावपट्टीवरून अगदी खालून घिरटी मारली. सुखोई कोणीही ओळखेल; पण सी-२९५ आणि जुने एएन-३२ यांत नवखा माणूस हमखास फसतो. दोन्ही उंच पंखांची, दोन पंख्यांची मालवाहू विमाने. एएन-३२ ची इंजिने पंखाच्या वर बसवलेली असून पंख्याला चार पाती असतात. सी-२९५ च्या पंख्याला सहा.

या विद्येचा उगम हौसेतून नव्हे, गरजेतून झाला. ब्रिटन दुसऱ्या महायुद्धात उतरून तीन दिवस झाले असताना, ६ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्रिटिश स्पिटफायर विमानांनी आपलीच दोन हरिकेन विमाने शत्रूची समजून पाडली. पुढे निरीक्षकांना काळ्या छायाकृतींचे तक्ते आणि पत्ते देऊन पंख, इंजिन, धड, शेपूट या क्रमाने पाहण्याचे शिक्षण दिले गेले. आजचे हौशी निरीक्षक हाच क्रम वापरतात. रडारचा वापर वाढल्यावर या चुका संपल्या, असे मात्र झाले नाही. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बडगामजवळ हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडले. आतील सहा जण आणि जमिनीवरील एक नागरिक मरण पावले. ही आपलीच चूक होती, असे हवाई दलप्रमुखांनी त्याच वर्षी मान्य केले.

इतिहासलेखनात ओळखीचे मोल अधिक ठळक दिसते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे मिग-२१. नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात ते वर्षानुवर्षे बनत होते आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला ते निवृत्त झाले. पण ‘मिग-२१’ हे एका विमानाचे नाव नसून एका कुळाचे नाव आहे. एफएल या उपप्रकाराच्या पाठीचा कणा सडपातळ आणि पोटात अंगची तोफ नाही. नंतरच्या बिसचा कणा जाड, तोफ अंगचीच. बिस हवाई दलात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आले. तेव्हा ‘१९७१ चे युद्ध’ अशी ओळ असलेल्या छायाचित्रात जाड पाठीचे मिग दिसले, तर छायाचित्र खरे असले तरी ओळ खोटी ठरते. पुण्याच्या लोहगाव तळाबाबतही हेच. तेथे १९९७ मध्ये आलेल्या पहिल्या सुखोई-३० विमानांना पुढचे छोटे पंख, म्हणजे कॅनार्ड, नव्हते. ते २००२ पासून आलेल्या एमकेआयला आहेत. कॅनार्ड दिसले तर छायाचित्र २००२ च्या आधीचे नाही, हे एवढ्या एका खुणेवरून निश्चित करता येते.

आकार अजिबात बदलत नाही तेव्हा क्रमांक बोलतो. गोव्यातील बोगमाळो येथील नौदल विमान संग्रहालयात उभे असलेले सुपर कॉन्स्टेलेशन पूर्वी एअर इंडियाचे प्रवासी विमान होते, मग ते हवाई दलात गेले आणि शेवटी आयएन ३१५ या क्रमांकाने नौदलात आले. विमान तेच, सेवा तीन. कोणते छायाचित्र कोणत्या सेवेतले, हे आकारावरून नव्हे, क्रमांकावरून कळते.

या हौसेवर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला : मोबाइलवरच विमानाचे नाव कळत असताना डोळे शिणवायचे कशाला? पण ती सोय विमान स्वतःहून पाठवत असलेल्या संकेतावर चालते. लष्करी विमाने अनेकदा तो बंद ठेवतात, आणि १९६५ चे छायाचित्र तर कोणताच संकेत पाठवत नाही. दुसरा आक्षेप सुरक्षेचा असून तो गंभीर आहे. २००१ मध्ये ग्रीसमध्ये लष्करी तळावर विमानांच्या नोंदी करणारे ब्रिटिश व डच हौशी हेरगिरीच्या आरोपाखाली पकडले गेले. खालच्या न्यायालयाने दोषी ठरवलेले हे लोक पुढच्या वर्षी अपिलात सुटले. भारतात १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आजही लागू आहे. म्हणून तळाच्या कुंपणापाशी कॅमेरा घेऊन उभे राहणे समर्थनीय नाही, आणि इतिहासाला त्याची गरजही नाही : संग्रहालये, जाहीर कवायती आणि जुनी छायाचित्रे एवढे साहित्य त्याला पुरते. तिसरा आक्षेप असा, की यंत्रांच्या या कौतुकात युद्धात मेलेली माणसे विसरली जातात. त्याला स्क्वॉड्रन लीडर अ. बो. देवय्या यांचे प्रकरण उत्तर देते. ७ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानच्या सरगोधा हवाई तळावरील हल्ल्यातून त्यांचे मिस्टेअर विमान परतले नाही, आणि त्यांचे काय झाले हे भारतात कळले नाही. पुढे पाकिस्तानी बाजूच्या वृत्तांतातून उघड झाले, की त्या दिवशी एफ-१०४ स्टारफायटर हे ध्वनीच्या दुप्पट वेगाचे विमान एका मिस्टेअरशी झालेल्या झुंजीत पडले होते. न परतलेल्या मिस्टेअरशी तो वृत्तांत जुळवल्यावर वैमानिकाचे नाव निश्चित झाले. देवय्यांना १९८८ मध्ये, तेवीस वर्षांनी, मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले.