शेव्याच्या किनाऱ्यावरून चित्रपटाकडे

उरण तालुक्यातल्या पोराने चित्रपट शिकायचा म्हटला की घरचे विचारतात, मुंबईला जाणार की पुण्याला? प्रश्न रास्त आहे. पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आले. तिथे जरूर जावे. पण या विद्येचा पहिला धडा न्हावा शेव्यातच गिरवता येतो, आणि तो इथेच गिरवावा असे मला मनापासून वाटते.

इथे वारसा म्हटले की बोट घारापुरीकडे जाते. न्हाव्यासमोरच्या बेटावरची ती लेणी १९८७ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. त्यांची निगा राखायला सरकारी खाते आहे. किनाऱ्यावरच्या वारशाला असा वाली नाही. १९८४ च्या जानेवारीत शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली भूमिपुत्र जमिनीसाठी रस्त्यावर उतरले आणि गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. १९८९ मध्ये बंदर सुरू झाले. शेवा कोळीवाडा उठला, त्याचे पुनर्वसन हनुमान कोळीवाड्यात झाले. खाजणे आणि मिठागरे भरावाखाली गेली. उधाणात बांध कसा राखायचा, उघाडीचे, म्हणजे बांधातल्या झडपेचे, पाणी कधी सोडायचे, खाऱ्या जमिनीत भात कसा तगतो, हे सारे आता वयस्कर माणसांच्या बोलण्यात आणि हातवाऱ्यांत तेवढे उरले आहे. लेखणीला त्यातले शब्द मिळतात, हात निसटतात. म्हणून कॅमेरा हवा.

आणि कॅमेऱ्याच्याही आधी माईक. आगरी लग्नातला धवला, म्हणजे विधींसोबत गायचे गाणे, घ्या. तो गाणारी धवलारीण एकेक विधी गाण्यातूनच पुढे नेते. ती ओळ म्हणते, मग थांबते, कारण तेवढ्यात कुणीतरी हळद लावत असते किंवा तांदूळ ठेवत असते. हात मोकळे झाले की पुढची ओळ येते. संकलन करताना या मधल्या जागा रिकाम्या म्हणून कापल्या, तर गाणे उरते आणि लग्न हरवते. किती थांबायचे हे ज्याला इथे कळले, त्याला संकलनातले निम्मे कळले.

आपल्या मातीतली कथा पडद्यावर आली नाही असे नाही. बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्येच ‘सावकारी पाश’मधून जमीन गमावून शहराकडे निघालेला शेतकरी दाखवला. कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकर आदिवासींवर जब्बार पटेलांनी १९७७ मध्ये ‘जैत रे जैत’ केला. तो मला फार प्रिय आहे, पण कॅमेऱ्यामागे ठाकर नव्हते. ‘फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ’ हा मुंबईच्या कॅम्प या गटाचा २०१३ चा चित्रपट मात्र खलाशांनी स्वतः मोबाइलवर टिपलेल्या चित्रणातून उभा राहिला. कोळीवाड्यातल्या मुलामुलींनी तो आवर्जून पाहावा. साधन त्यांच्याही खिशात आहे.

सुरुवात करताना एवढे पाळा. आधी परवानगी घ्या. प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत कोण, कुठे, केव्हा, कोणत्या प्रसंगी हे लिहून ठेवा, नाहीतर दहा वर्षांनी तुमचे तुम्हालाच ओळखू येणार नाही. मग त्याची प्रत घेऊन, जिचे गाणे टिपले त्या आजीच्या घरी जा आणि तिला ऐकवा. ती मध्येच अडवेल, अमुक ओळ आधी यायला हवी म्हणेल, विसरलेले कडवे म्हणून दाखवेल. तेव्हाही ध्वनिमुद्रण चालू असू द्या.