बीदरच्या बाजारापासून भीमेच्या थडीपर्यंत

सुमारे १४७० साली एका परदेशी व्यापाऱ्यानं बीदरच्या बाजारात आपला घोडा विकला आणि हिशेब लिहून ठेवला. घोडा वर्षभर पोसला, त्यापायी ६८ फुतून खर्च झाले. फुतून म्हणजे आपल्याकडचं फनम हे नाणं असावं. हा व्यापारी रशियातल्या त्वेर शहरचा अफनासी निकितिन. शंभर रूबल मोजून घेतलेला तो घोडा जहाजात घालून तो चौलला उतरला. पुढं जुन्नरच्या असदखानानं घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तरच परत देईन, अशी अट घातली. चार दिवसांची मुदत होती. एका खुरासानी सरदारानं रदबदली केली, तेव्हा धर्मही राहिला आणि घोडाही सुटला. पुढं बीदरला त्याचा सौदा झाला.

निकितिननं आणखी एक बाजार नोंदवला आहे. शेख अलाउद्दीनच्या नावानं वर्षातून एकदा भरणारा, दहा दिवस चालणारा, बीदरपासून बारा कोसांवरचा. तिथं विकायला वीस हजारांपर्यंत घोडे येतात, असं तो लिहितो. अभ्यासक या ठिकाणाची ओळख कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंदशी पटवतात. लाडले मशायख म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शेख अलाउद्दीन अन्सारींचा दर्गा तिथं आजही आहे. वीस हजारांचा आकडा ऐकीव असू शकेल. पण सीमाभागातल्या या गावात घोड्यांचा फार मोठा बाजार भरे, एवढं त्यातून नक्की कळतं.

इतक्या लांबून घोडे आणायची गरज का पडावी? निकितिनचं उत्तर एका ओळीचं आहे: या देशात घोडे निपजत नाहीत, बैल आणि म्हशी निपजतात. इथं तट्टं होती. पण चिलखती स्वाराला पेलणारा उंच, दमदार घोडा दख्खनला बाहेरूनच आणावा लागे. म्हणून ज्याच्या हाती बंदर, त्याच्या हाती फौज. व्यापारी म्हणून दाभोळला उतरून बहामनी राज्याचा वजीर झालेल्या महमूद गवाननं १४७२ मध्ये गोवा घेतलं, त्यामागं हा हिशेब होताच. विजयनगरचा साळुव नरसिंह तर समुद्रात मेलेल्या घोड्याचेही पैसे देई. व्यापाऱ्यानं नुसती शेपूट आणून दाखवली तरी चाले, असं पोर्तुगीज प्रवासी नूनिझ लिहितो. १५१० मध्ये गोवा पोर्तुगिजांकडे गेलं आणि दख्खनच्या सगळ्या दरबारांना त्यांच्या दाराशी उभं राहावं लागलं.

घोडा बाहेरून आला, तशी त्याची पारखही आली का? इथं मागोवा आणखी साडेतीनशे वर्षं मागं जातो, आणि तोही याच जिल्ह्यात. बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथल्या सोमेश्वर तिसऱ्यानं ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ सिद्ध केला. राजाच्या करमणुकी सांगताना त्यानं ‘वाजिवाह्याली’ हा घोड्यावरच्या खेळाचा विनोद वर्णिला, आणि त्यासाठी घोडा देश, रंग, केसांचे भोवरे पाहून कसा निवडायचा हेही सांगितलं. त्याच शतकात गुजरातेत हेमचंद्राच्या कोशात घोड्यांच्या रंगांची एक नवलाईची यादी येते. सेराह म्हणजे खरवसाच्या रंगाचा. कियाह म्हणजे तांबडा. वोल्लाह म्हणजे अंग पिंगट, पण आयाळ आणि शेपूट पांढरट. कानाला ही नावं संस्कृत वाटतच नाहीत. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले संशोधक प. कृ. गोडे यांनी हेमचंद्र आणि सोमेश्वर या दोघांकडची अशी नावं एकत्र मांडून अरबी घोडेव्यापाराशी त्यांचा संबंध दाखवला. घोड्याबरोबर त्याच्या रंगाचं नावही जहाजातून उतरलं आणि पंडितांनी ते कोशात जसंच्या तसं बसवलं.

देवाणघेवाण उलट्या दिशेनंही झाली. बहामनींची राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला हलवणाऱ्या अहमदशहा वलीच्या आज्ञेनं अब्दुल्ला इब्न सफी यानं घोड्यांवरच्या संस्कृत शास्त्राचं फारसीत भाषांतर केलं. शालिहोत्र हे अश्ववैद्यकाच्या आद्य ऋषीचं नाव. फारसीत त्याचं ‘सालोतर’ झालं, आणि तिथून ते ‘सालोत्री’ होऊन मराठीत परतलं, घोड्यांचा वैद्य या अर्थानं. ऋषीचं नाव फारसी पोथीतून फिरून पागेतल्या माणसाच्या धंद्याला लागलं. या सीमाभागात ज्ञान कसं हिंडत होतं, याचा याहून बोलका पुरावा मला माहीत नाही.

आज आपल्या बोलण्यातली घोड्याची भाषा तपासली तर हेच दिसतं. लगाम, रिकीब, नाल, खोगीर, तोबरा हे शब्द फारसी-अरबीतून आले आणि इतके मुरले की ज्यानं घोडा जवळून पाहिला नाही तोही तोबरा भरतो आणि खोगीरभरतीला नावं ठेवतो. रंगांचंही तसंच. कुमैत म्हणजे तांबूस अंग आणि काळी आयाळ-शेपूट. मुश्की म्हणजे कस्तुरीसारखा काळा. नुकरा म्हणजे चांदीसारखा पांढरा. अबलख म्हणजे दोन रंगांच्या ठिगळांचा. त्यांच्या शेजारी पंचकल्याणी मात्र संस्कृत वळणाचा: चार पाय आणि तोंडावर पांढरं.

या रंगांवर जुन्यांनी शुभ-अशुभाचं मोठं ओझं लादलं. रंगाचा घोड्याच्या नशिबाशी संबंध नाही, पण तब्येतीशी थोडा आहे. पुष्कळसे पांढरे दिसणारे घोडे जन्मतः गडद असतात आणि वयानुसार पांढरे होत जातात. त्यांची कातडी काळीच राहते आणि उतारवयात शेपटीखाली, ओठांपाशी गाठी येण्याचा धोका त्यांना जास्त. नुकऱ्याची कातडी मुळातच गुलाबी, म्हणून नाक आणि डोळ्यांभोवती ती उन्हानं भाजते. भोवरा मोजण्याआधी हे बघायला हवं.

आता खाण्याकडे येऊ, कारण घोडा सर्वांत जास्त मरतो तो पोटानं. निकितिन लिहितो, इथं घोड्यांना हरभरा देतात आणि साखर-तूप घालून खिचडीही शिजवून घालतात. त्याआधी जवळजवळ दोनशे वर्षं मार्को पोलोनं दक्षिणेत घोड्यांना मांसाबरोबर शिजवलेला भात चारताना पाहिलं आणि आणलेल्यातले बहुतेक घोडे वर्षभरात का मरतात, याचं कारण तिथं शोधलं. माया होती, पण जनावराच्या पोटाची जाण नव्हती. घोड्याचं जठर त्याच्या देहाच्या मानानं लहान असतं. त्याला ओकता येत नाही. गवत पचतं ते मागच्या मोठ्या आतड्यात, आंबवून. तिथं एकदम जास्त दाणा किंवा गोड पोचलं की आंबणं बिघडतं. पोटशूळ उठतो, नाहीतर खुरांच्या आतला मऊ थर सुजून घोडा चालायचाच थांबतो. म्हणून चंदी थोडी थोडी आणि वैरण दिवसभर, हा पागेचा पहिला नियम.

दुसरा नियम तर आपल्या आजीच्या कोड्यातच आहे. भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? तिन्हीचं उत्तर एकच: फिरवलं नाही म्हणून. दाणा तसाच चालू ठेवून घोडा बांधून ठेवला आणि दोन दिवसांनी एकदम कामाला जुंपला, तर त्याचे पुठ्ठ्याचे स्नायू लाकडासारखे ताठतात, घाम फुटतो, पाऊल उचलत नाही, लघवी चहासारखी गडद होते. हा पशुवैद्यकाला चांगला ठाऊक असलेला आजार आहे. कोडं रचणाऱ्यानं तो पाहिलेला असणार.

निरोगी घोडा ओळखायला यंत्र लागत नाही. जबड्याच्या खालच्या कडेवरून जाणारी शीर बोटांनी चाचपायची. विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४ ठोके भरले तर ठीक. हिरडी अंगठ्यानं दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. खालच्या ओठामागचे दात पाहिले तर वय कळतं: अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास दुधाच्या दातांच्या जोड्या पडतात आणि पाचव्या वर्षी तोंड पुरं होतं. हे ज्यानं शिकून घेतलं त्याला बाजारात सहसा कोणी फसवू शकत नाही.

आळंदहून वाहणारी अमरजा गाणगापूरला भीमेला मिळते. दत्तभक्तांना तो संगम पाठ आहे. त्याच भीमेच्या वरच्या अंगाला, पुणे-नगर-सोलापूरच्या थडीवर, घोडे न निपजणाऱ्या दख्खननं अखेर आपला घोडा घडवला. आखाती रक्त आणि देशी तट्टं यांच्या संकरातून तो झाला, असं मानतात. बांधा आटोपशीर, खूर टणक, खाणं बेताचं, दम लांबचा. हाच भीमथडी. मराठी फौजा याच्यावर दौडल्या. १७६० साली बीदरच्या शेजारी उदगीरला निजामाला नमवणाऱ्या फौजेतही याच जातकुळीचं जनावर मोठ्या संख्येनं असणार. पागा मोडल्या तेव्हा सरदारांनी त्याला सोडलं, धनगरांनी सोडलं नाही. मेंढरांमागं चालणाऱ्या वाड्याचा संसार, कोकरं, भांडीकुंडी पाठीवर घेऊन तो आजही माळ तुडवतो. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय संस्थेनं भीमथडीची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंद केली. तोवर देशात घोड्यांच्या सातच जाती नोंदलेल्या होत्या.

नोंद झाली, पण जाण अजून माणसांच्या तोंडीच आहे. धनगराला घोड्याचे रंग, खोडी, पोटदुखीचे उपाय ठाऊक असतात. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आणि सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेत जनावराचे दात बघणारे म्हातारे अजून भेटतात. यांतले उपाय सगळे बरोबर असतीलच असं नाही. त्यासाठीच ते लिहून, तपासून घ्यायला हवेत, आणि तेही लवकर, कारण या जाणत्यांची मुलं आता घोड्याऐवजी टेम्पो बाळगतात.

कर्नाटकचं पशुवैद्यक विद्यापीठ आज बीदरलाच आहे. सहाशे वर्षांपूर्वी या मुलखाच्या सुलतानानं एका भाषेतली अश्वविद्या दुसऱ्या भाषेत आणवली. आता तेच काम मराठी, कन्नड आणि दख्खनी बोलणाऱ्या पशुपालकांच्या तोंडून करून घेतलं पाहिजे, आणि ते याच गावात व्हावं. ज्यांच्या घरी कधीकाळी घोडा होता, त्यांनी तरी घरातल्या म्हाताऱ्यांना आजच बसवून विचारावं: आपल्या घोड्याचा रंग कोणता होता, आणि त्या रंगाला तुम्ही काय म्हणत होता?