ड्रॉइंग कोणाचं? : गेमच्या दिग्दर्शकाचा इतिहास

आज आपल्या चिखलीत आपण व्हिडिओ गेमच्या क्रिएटिव्ह डायरेक्टरबद्दल बोलणार आहोत. शब्द परका वाटेल, पण त्यामागचा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. कुदळवाडीपासून चाकणपर्यंत किती वर्कशॉपमध्ये जॉबवर्क चालतं! पार्ट आपण बनवतो, ड्रॉइंग गिऱ्हाईक कंपनीकडून येतं. गेमच्या धंद्यात ते ड्रॉइंग ज्याच्या डोक्यात असतं, तो हा डायरेक्टर. तो स्वतः चित्र काढेलच असं नाही. चित्रकार, प्रोग्रॅमर, लेखक, संगीतकार या सगळ्यांचं काम एका अनुभवात बसवायचं आणि जे बसत नाही ते कितीही सुंदर असलं तरी वगळायचं, ही त्याची जबाबदारी.

मग तो ठरवतो तरी काय? खेळाचे नियम आणि त्यांचा अर्थ. मोक्षपट घ्या. त्याचं श्रेय परंपरा शेजारच्या आळंदीच्या ज्ञानेश्वर माउलींना देते. आपण ते परंपरा म्हणूनच घेऊ. साप म्हणजे दुर्गुण, शिडी म्हणजे सद्गुण, शेवटचं घर मोक्षाचं. 19व्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला. तिथे आधी मोक्ष गळाला, पुढे नीतीही गळाली आणि उरली ती शर्यत. साप तेच, शिड्या त्याच. पण शेवटचं घर कशाचं, हे ठरवणारा बदलला आणि खेळाचा अर्थच बदलला.

आता पुण्याकडे येऊ. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ 2008 पासून पुण्यात आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' हा तिचा 2003चा गेम माँट्रियलमध्ये घडला. त्याची नवी आवृत्ती पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ करणार, असं सप्टेंबर 2020मध्ये जाहीर झालं. मे 2022मध्ये ते काम पुन्हा माँट्रियलकडे गेलं. यावरून इथल्या मुलांच्या कसबाचा निवाडा कोणी करू नये. मुद्दा मालकीचा आहे : कथा आणि नाव ज्याचं, त्याला काम परत नेता येतं.

त्याच 2020मध्ये पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओचा 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' बाजारात आला. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड हे त्याचे संस्थापक. 2017मध्ये त्यांनी लोकवर्गणीचा प्रयत्न केला होता, तो फसला. तरी काम थांबलं नाही. कसरती करणारी राजी असुरांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघते, दुर्गा आणि विष्णू तिच्या पाठीशी असतात. कथा छायाबाहुल्यांतून उलगडते. आपल्याला पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या आठवाव्यात. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र गेमसाठी तिला नामांकन मिळालं.

जॉबवर्कमध्ये कमीपणा नाही. हात त्यातूनच तयार होतात. टेल्कोने 1954मध्ये डाइमलर-बेंझशी करार केला, 1966मध्ये पुण्यात स्वतःचं संशोधन केंद्र काढलं, आणि इंडिका लोकांपुढे आली 1998मध्ये. केंद्रापासून गाडीपर्यंत 32 वर्षं! तेवढा धीर आपण गेम करणाऱ्या मुलांबाबत धरणार आहोत का? त्यांना सॉफ्टवेअर शिकवायला क्लास पुष्कळ आहेत. तुझ्या पटावरचं शेवटचं घर कोणतं, हे त्यांना विचारायचं काम मात्र आपल्याकडे येतं.