बेथेलची कसोटी
जालना प्रांतांतील ख्रिस्ती निष्ठेची एक हकीकत

ज्युबिलीचा दिवस हा आनंदाचा खरा. परंतु ज्यांनीं हें शेत प्रथम नांगरलें त्यांचे श्रम विसरून केलेला आनंद कृतघ्नपणाचा होय. म्हणून आम्ही जालना जिल्ह्यांतील श्रद्धेच्या एका जुन्या कसोटीची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों. ती आमच्या कॅथलिक ख्रिस्तसभेंतील नसून प्रॉटेस्टंट बांधवांची आहे, हें आरंभींच सांगतों. सोनें कोणाच्याहि मुशींत तापलें तरी सोनेंच.

नारायण शेषाद्रि हे ब्राह्मण कुळांतील गृहस्थ. मुंबईस स्कॉटिश मिशनऱ्यांच्या विद्यालयांत शिकत असतां १८४३ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपति याचाहि ओढा तिकडेच होता. परंतु तो अल्पवयी असल्यामुळें बापानें कोर्टांत दाद मागितली, आणि न्यायाधीशांनीं मुलगा बापाच्या स्वाधीन केला. पुढें त्याला प्रायश्चित्त देऊन जातींत घ्यावें कीं नाहीं, यावर मुंबईंत मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर शुद्धीच्या बाजूनें उभे राहिले. अशा रीतीनें एकाच घरांतील दोन भावांच्या वाटा फुटल्या. प्रभूच्या मागें जाण्याची पहिली किंमत नारायणरावांनीं आपल्या घरींच मोजिली.

१८५४ सालीं त्यांस धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली, व पुढें जालना हीच त्यांची कर्मभूमि झाली. जालना तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें व तेथें लष्कराची छावणी होती. त्यांचें ऐकून जे प्रभूकडे वळले, ते बहुतेक मांग व महार समाजांतील होते. त्यांच्यापाशीं गमावण्यासारखें काय होतें, असें कोणी विचारील. परंतु गांवगाड्यांत गरिबाचें जें थोडकें असतें तेंच त्याचें सर्वस्व असतें. बलुत्याचे चार दाणे, भावकीचा आधार, लेकीची सोयरीक, जत्रेंतील मान, हें सर्व गांवच्या देवकार्याशीं बांधलेलें. तें कार्य सोडणाऱ्याच्या हातून हेंहि सुटत असे. ब्राह्मणानें वाडा सोडला व मांगानें बलुतें सोडलें. देवाच्या तराजूंत दोन्ही पारडीं सारखींच भरलीं असतील.

अशा लोकांस उभें राहण्यास जागा हवी होती. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांनीं जालन्याजवळ जमीन दिली, आणि १८७० च्या सुमारास तेथें ख्रिस्ती वसाहत उभी राहिली. तिचें नांव बेथेल, म्हणजे देवाचें घर. भावाच्या क्रोधास भिऊन पळालेला याकोब उघड्या माळावर दगड उशास घेऊन निजला, आणि तेथेंच त्यास देवदर्शन घडलें. सकाळीं त्यानें तोच दगड उभा करून त्या स्थळास हें नांव दिलें. घरदार सुटलेल्यांच्या वस्तीस याहून साजेसें नांव तें कोणतें?

नारायणराव १८७३ सालीं न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेस गेले, व १८९१ सालीं निवर्तले. दरम्यान १८७६ ते १८७८ चा दुष्काळ दक्षिणेवरून फिरून गेला, आणि १८९९–१९०० चा भयंकर दुष्काळ मागाहून आला. दुष्काळांत ख्रिस्ती झालेल्यांस लोक पोटासाठीं बाटलेले म्हणत. या आक्षेपास आमचें उत्तर एवढेंच कीं, भाकरीसाठीं आलेला मनुष्य पाऊस पडतांच परत जातो. पाऊस पडला, कणसें भरलीं, आणि तरीहि अनेक घराणीं पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थनेस बसत राहिलीं. खरी कसोटी उपासमारीच्या वर्षीं नव्हे, तर त्यानंतरच्या साध्या वर्षांत होते.

आमच्या ख्रिस्तसभेनेंहि याच कोरड्या भूमींत मूळ धरिलें. हा प्रदेश प्रथम नागपूरच्या, १९५५ पासून अमरावतीच्या व १९७७ पासून औरंगाबादच्या धर्मप्रांतांत आला. जालना जिल्हा तर १९८१ सालचा. १९७२ चा दुष्काळ आमच्या वडीलधाऱ्यांनीं भोगला. २०१२–१३ चा आम्ही सर्वांनीं पाहिला, जेव्हां खुद्द जालना शहर टँकरच्या पाण्यावर जगलें.

आतां छळ तितका उघड नाहीं. तो कागदावर येतो. १९५० च्या आदेशानें अनुसूचित जातींच्या सवलती मुख्यतः हिंदूंपुरत्या ठेविल्या. १९५६ सालीं शीख व १९९० सालीं बौद्ध त्यांत आले, परंतु ख्रिस्ती अद्याप बाहेरच आहेत. मुलाचा दाखला भरतांना धर्माच्या रकान्यापाशीं बापाचा हात अडखळतो. त्या बापास दोष देण्याची आमची छाती नाहीं. लेकराची भूक ज्यानें पाहिली तोच तें दुःख जाणे. मात्र जो सत्य लिहून तोटा सोसतो, तो बेथेलच्या त्या पहिल्या माणसांचा खरा वारस होय. आणि त्याचा तोटा त्यानें एकट्यानें सोसूं नये, हें पाहणें धर्मग्रामाचें कर्तव्य आहे.

वाचकहो, ज्युबिलीच्या पताका उद्यां उतरतील. मग ज्या घरीं विहीर आटली आहे, ज्या मुलाची फी तटली आहे, तेथें आपण जाऊं. आपल्या पूर्वजांस ज्या देवानें माळावर एकटें सोडलें नाहीं, तो आपणांसहि सोडणार नाहीं. त्याच्या नामाची स्तुति असो.