आग्वादचा समुद्र कुणाचा?

अकोल्याचं ऊन अजून पाठीवर आहे, पण वारा खारा लागतोय. साल १६१२. तुम्ही गोव्यात, मांडवीच्या मुखाशी, आग्वादच्या टेकडीवर उभे आहात. जांभ्याच्या चिऱ्यांचा तट नुकताच पुरा झालाय. डच जहाजं नदीत शिरू नयेत म्हणून पोर्तुगीजांनी तो घातला. आतल्या प्रचंड टाकीत वीस लाख गॅलनांहून जास्त गोडं पाणी मावतं. महिनोन्‌महिने समुद्र कापून आलेले खलाशी इथे पिंपं भरून घेतात. अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला गोड्या पाण्याचं मोल कुणी सांगायला नको.

उतरणीला लागा. पावलागणिक वर्षं सरतात. सप्टेंबर १९४६ संपत आलाय. समुद्राला लागून असलेल्या खालच्या किल्ल्यात आता तुरुंग आहे. गोव्यात शिरताच पकडलेल्या राममनोहर लोहियांना इथेच आणून कोंडलंय.

आणखी थोडं पुढे. १९५६चा पावसाळा. गजांना हात लावा, ओला गंज बोटांना चिकटतो. भिंत इतकी जाड की बाहेरचा माणूस ऐकू येत नाही, लाट मात्र रात्रभर ऐकू येते. गेल्या वर्षी १८ मे रोजी ना. ग. गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्याच्या हद्दीत शिरले, मार खाल्ला. पाठोपाठ मधू लिमये आले. दहा-बारा वर्षांच्या शिक्षा ठोठावलेले गोरे आणि लिमये याच भिंतींआड आहेत. १९५७पर्यंत सुटका नाही. तुम्हाला आपलं दहिहांडा आठवतं. समुद्राचा थेंब नसलेल्या वऱ्हाडात, १९३० साली, खाऱ्या विहिरीच्या पाण्यातून मीठ काढून माणसं तुरुंगात गेली होती. इथे समुद्र दारात आहे, पण तो पहारेकऱ्याच्या बाजूचा.

१९६१. गोवा मुक्त होतो. तुरुंग मात्र तुरुंगच राहतो, फक्त कैदी बदलतात.

१९७४. टेकडीला वळसा घालून सिकेरीच्या बाजूला या. किल्ल्याच्या बुरुजालगत ताजचं पंचतारांकित हॉटेल उभं राहिलंय. सोबतचे मामा थबकतात: "बाप्पा! हे त् राजवाडाच हाय!" १९८३च्या नोव्हेंबरात राष्ट्रकुलातले नेते इथेच विसाव्याला येतात. त्याच टेकडीच्या दुसऱ्या अंगाला त्या रात्रीही कोठड्यांना कुलपं लागतात. डच जहाजं अडवणारा, कैदी अडवणारा समुद्र आता खोलीच्या भाड्यात मोजला जातो.

२०१५. कैदी कोलवाळला हलवले जातात, कोठड्या रिकाम्या होतात. अशा वास्तूचं पुढे काय होतं, हे जगाने दाखवलेलं आहे. नाझिम हिकमत यांच्यासारख्या कवीला जिथे ठेवलं, त्या इस्तंबूलच्या सुलतानअहमत तुरुंगात १९९६पासून फोर सीझन्स हॉटेल आहे. बॉस्टनचा चार्ल्स स्ट्रीट तुरुंग २००७मध्ये लिबर्टी हॉटेल झाला. तिथल्या बारचं नाव आहे 'अ‍ॅलिबाय'. आरोपीने कोर्टात जीव तोडून मांडायची सबब, पाहुण्यांना ती ग्लासाबरोबर मिळते.

आग्वादचं तसं झालं नाही. १९ डिसेंबर २०२१ रोजी, मुक्तीच्या साठाव्या वर्षदिनी, डागडुजी करून तुरुंगाचं संग्रहालय झालं. मामांचा हिशेब सरळ आहे: "पण हॉटेल केलं असतं तर पैसा आला असता ना?" आला असता. आणि जुनी इमारत पैशाविना टिकत नाही, हेही खरं. म्हणून हॉटेलाला सरसकट नाक मुरडण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच की कोठडीत कोण होतं, हे पाहुण्याला सांगायचं की लपवायचं.

हाच प्रश्न आपल्याकडेही येऊ शकतो. अमरावतीचं मध्यवर्ती कारागृह अजून चालू आहे. उद्या ते शहराबाहेर हललं, तर मोक्याच्या जागेवर पहिली नजर बिल्डरची पडेल. त्याआधी कैद्यांच्या नोंदवह्या सांभाळा, एक बराक गिलावा न करता तशीच ठेवा. मग उरलेल्या जागेत खुशाल हॉटेल काढा.