पोरगा सेटल आहे का? एका इंग्रजी शब्दाची खानदेशी गोष्ट

आजच्या भागात राजे नाहीत आणि लढायाही जवळजवळ नाहीत. फक्त एक शब्द आहे, आणि तो तुमच्या घरात रोज बोलला जातो.

"पोरगा सेटल आहे का?" जळगावला काय, धुळ्याला काय, लग्नाची बोलणी सुरू झाली की हा प्रश्न येतोच. पुण्यात फ्लॅट आणि पर्मनंट नोकरी असली की पोरगा सेटल. मोबाइलवर विम्याचा मेसेज येतो, क्लेम सेटल झाला. भाऊबंदकीचं भांडण कोर्टाबाहेर सेटल होतं. आणि बातम्यांत वेस्ट बँकमधल्या सेटलमेंट्स येतात, तेव्हा वर्तमानपत्रं छापतात 'वसाहती'.

आता हा शब्द मराठीत आणायला बसा. स्थिरस्थावर होणं, निकाली निघणं, तडजोड, वसाहत, हिशेब चुकता करणं. प्रत्येक शब्द आपापल्या जागी बरोबर, पण एकाचं काम दुसरा करत नाही. भाषांतर करणाऱ्यांना हे काही नवीन नाही. एका शब्दाच्या पोटात पाच अर्थ असले की ज्याची गरज तो उचलायचा, बाकीचे सोडून द्यायचे. पण हे बाकीचे अर्थ जातात कुठे? खानदेशात याचं उत्तर जमिनीत गाडलेलं आहे.

1818 साली पेशवाई संपली आणि खानदेश कंपनी सरकारकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज इथला कारभार बघायला आला आणि त्याने धुळ्याला मुख्य ठाणं केलं. व्यापारी, कारागीर यांना बोलावून गाव वाढवलं. हा 'सेटल'चा सरळ अर्थ, वसवणं.

पण त्याच काळात सातपुड्यात आणि सातमाळ्याच्या डोंगरात भिल्लांशी झटापटी चालू होत्या. 1825 मध्ये सरकारने धोरण बदललं आणि नंदुरबार, धरणगाव, कन्नड अशा बाजूंना तीन भिल्ल एजन्सी काढल्या. धरणगावला जेम्स आउट्रमने भिल्लांचीच पलटण उभी केली. एजंटांचं काम काय, तर डोंगरातल्या लोकांना खाली आणायचं, बी-बियाण्याला आणि बैलाला तगाई द्यायची, शेतीला लावायचं. याला इंग्रजीत म्हणायचं भिल्लांना 'सेटल' करणं.

मराठीत काय म्हणाल? 'वसवलं' म्हणाल की 'वठणीवर आणलं' म्हणाल? इंग्रजी वाक्यात दोन्ही बसतात, आणि मला वाटतं साहेबाची सोय नेमकी त्यातच होती. मराठीत मात्र निवड करावीच लागते. केली की तुम्ही कोणाच्या बाजूने गोष्ट सांगताय ते लगेच कळतं. आणि वसवलेले सगळे वसून राहिले असंही नाही. सेंधव्याच्या घाटात सरकारी चाकरीत असलेला खाज्या नाईक 1857 मध्ये सरकारविरुद्ध उठला आणि 1858 मध्ये अंबापाणीला मोठी चकमक झाली.

आता सपाटीवर येऊ, तापीकाठच्या काळ्या मातीत. इथे 'सेटलमेंट' म्हणजे जमिनीचा सारा ठरवणं. उत्तर हिंदुस्थानात याला 'बंदोबस्त' म्हणतात. आपल्याकडे बंदोबस्त म्हटलं की डोळ्यांसमोर गणपती विसर्जनाचे पोलीस येतात, म्हणून मराठीत 'जमाबंदी' चाललं. जमा म्हणजे सरकारात येणारी रक्कम, आणि ती बांधून टाकायची. मुदत 30 वर्षांची.

ही पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी 1836 च्या सुमारास इंदापूरला बसवली. आधी साखळीने मोजणी. मग मातीची खोली आणि दोष पाहून प्रतबंदी, म्हणजे जमिनीला नंबर देणं. मग आकारणी. तुमच्या आजोबांच्या शेताचा सातबारा मोबाइलवर उघडून बघा. 'आकारणी' नावाचा रकाना आणि त्यात काही रुपये-पैसे दिसतील. विंगेटच्या हिशेबाची ती शेपटी आहे.

1852 मध्ये ही मोजणी खानदेशात आली आणि लोक भडकले. सावदा, फैजपूर, यावल हा पट्टा आणि तिकडे एरंडोल. (हो, तेच फैजपूर, जिथे 1936 मध्ये खेड्यातलं पहिलं काँग्रेस अधिवेशन झालं.) हजारोंचे जमाव मोजणीवाल्या साहेबांसमोर उभे राहिले. मोजणी बंद करा, एवढंच मागणं. पाटील-देशमुख मंडळी पुढे होती. त्यांचं वतन आणि वजन दोन्ही नव्या पद्धतीत कमी होणार होतं, हेही खरंच. सरकार म्हणत होतं की यात रयतेचं हित आहे. रयतेचा अनुभव असा, की सरकारने साखळी टाकली की मागून वसुली येते. शेवटी फौज आली, पुढाऱ्यांना पकडलं आणि मोजणी पूर्ण झाली.

आणि तरीही, ज्या कागदाविरुद्ध सावदा-फैजपूर उठलं, तोच कागद पुढे शेतकऱ्याची ढाल झाला. नाव लागलं, हद्द ठरली, सारा भरल्याची पावती आली. कर्जाला, वाटणीला, भरपाईला तोच पुरावा. पुण्यात आजही या खात्याचं मोठं कार्यालय आहे. मराठी पाटीवर 'जमाबंदी आयुक्त' आणि इंग्रजीत 'सेटलमेंट कमिशनर'.

डोंगरात मात्र वेगळीच सेटलमेंट आली. जंगल कायद्यात 'फॉरेस्ट सेटलमेंट ऑफिसर' असतो. 1927 च्या कायद्यानुसार जंगल राखीव करायचं ठरलं की तो जाहीरनामा काढतो, कमीत कमी तीन महिन्यांची मुदत देतो आणि लोकांचे हक्क 'सेटल' करतो. मुदतीत जो हक्क कोणी सांगितला नाही आणि चौकशीतही पुढे आला नाही, तो संपला. इथे मराठीचा 'निकाल लावणे' हा शब्द इतका चपखल बसतो की विचारू नका. निर्णय देणं आणि संपवून टाकणं, दोन्ही त्यात आहे. अक्राणीच्या पाड्यावरच्या माणसाला सरकारी जाहीरनामा कोण वाचून दाखवणार होतं?

जरा खानदेशाबाहेर, सोलापूरला जाऊन येऊ, कारण हाच शब्द तिथे आणखी वेगळ्या रूपात उतरला. 1871 च्या कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं होतं. विसाव्या शतकात मुंबई इलाख्यात अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणात ठेवलं, रोजची हजेरी, बाहेर जायचं तर पास. त्या जागेचं नाव 'सेटलमेंट'. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला, म्हणून त्या दिवशी विमुक्त दिन पाळतात. सोलापुरात त्या भागाला लोक अजून 'सेटलमेंट'च म्हणतात. मराठीने हा शब्द भाषांतरित केलाच नाही. वसाहत म्हणावं तर कुंपण लपतं, तुरुंग म्हणावं तर आत लहान मुलंही होती.

आता परत सातपुड्यात. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातली 33 गावं येणार होती, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, मणिबेली त्यात पहिलं. तेव्हा हे तालुके धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 ला वेगळा झाला. 1979 च्या नर्मदा लवादाने सांगितलं होतं की ज्याची बरीच जमीन जाईल त्या खातेदार कुटुंबाला किमान 2 हेक्टर जमीन द्या. इंग्रजी कागदांत इथे दोन शब्द असतात, 'रिसेटलमेंट' आणि 'रिहॅबिलिटेशन'. पहिल्याचा अर्थ दुसरीकडे नेऊन वसवणं. दुसऱ्याचा अर्थ माणसाला पोटापाण्यासकट पुन्हा उभं करणं. 2013 च्या भूमिसंपादन कायद्याने मराठीत 'पुनर्वसन' आणि 'पुनर्वसाहत' असे दोन शब्द ठेवले. बोलण्यात मात्र दोन्हींना एकच, 'पुनर्वसन'. त्यामुळे प्लॉट दिला, घरं बांधली, की पुनर्वसन झालं असं सांगायला कोणीही मोकळा.

पण खरी गोम वेगळीच आहे. लवाद म्हणतो 'खातेदार'. खातेदार कोण, तर ज्याचं नाव जमाबंदीच्या कागदावर. नर्मदाकाठच्या कितीतरी भिल्ल-पावरा कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसली होती, पण सरकारी दप्तरात ती जंगलखात्याची होती. म्हणून ते ठरले अतिक्रमणदार. मोबदल्याच्या यादीत नाव यावं म्हणून त्यांना वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले.

इंग्रजीत ही साखळी उघडी दिसते. ज्याची 'सेटलमेंट' झाली नाही, त्याला 'रिसेटलमेंट' मिळत नाही. मराठीत आपण एकीकडे जमाबंदी म्हणतो, दुसरीकडे पुनर्वसन म्हणतो. दोन्ही शब्द चांगले, पण त्यांच्यातला धागा तुटतो. मग 1852 ची मोजणी एका पुस्तकात राहते, धरणग्रस्तांची बातमी दुसऱ्या पानावर, आणि दोन्ही एकाच गोष्टीचे भाग आहेत हे कोणाच्या लक्षात येत नाही.

2006 चा वनहक्क कायदा आला तेव्हा हा प्रश्न पुन्हा उघडला. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जमीन कसत असल्याचं दाखवायचं. दावा आधी ग्रामसभेपुढे जातो. पुराव्यांच्या यादीत जुने जमाबंदी अहवाल आहेत, तसेच बांध आहेत, घर आहे, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाबही आहे. काही घरांत पत्र्याच्या पेटीतून आणखी एक कागद निघाला, जंगलात नांगर घातला म्हणून खात्याने कधीतरी केलेल्या दंडाची पावती. तीच आता दाव्याला जोडायची, कारण आपण तेव्हा तिथे होतो हे सरकारने स्वतःच्या हाताने लिहून दिलेलं आहे.