राखणदाराची बंदूक

अद्भुतरम्य व्यूहखेळांत ड्रॅगन चालतो, मेलेला योद्धा उठून लढतो तेही चालते. बंदूक दिसली की मात्र जाणत्या खेळाडूंच्या कपाळावर आठी पडते. अशा खेळात आखूड पल्ल्याची, छर्रे उडवणारी बंदूक घेतलेली तुकडी घालायची झाल्यास ती कशी घालावी, हा प्रश्न वरकरणी आकडेमोडीचा आहे. आमच्या मते तो आधी वाङ्मयेतिहासाचा आहे, आणि आकडे कसे मांडावेत याचे उत्तरही त्या इतिहासातच सापडते.

बंदुकीवरचा आरोप जुना आहे. आरिओस्तोने 'ओर्लान्दो फुरिओसो' या आपल्या महाकाव्याच्या १५३२ च्या आवृत्तीत एक नवे उपाख्यान घातले. त्यातला चिमोस्को हा राजा अग्निशस्त्र बाळगून असतो. ओर्लान्दो त्याला मारतो आणि ते शस्त्र भर समुद्रात नेऊन बुडवतो. यापुढे कोणा भ्याडाने त्याच्या बळावर शूराची बरोबरी करू नये, हा त्यामागचा हेतू. पुढे ते शस्त्र पुन्हा वर काढले गेले, हे कवी खेदाने सांगतो. मिल्टनने १६६७ साली 'पॅरडाइज लॉस्ट'मध्ये तोफेचा शोध थेट सैतानाच्या नावावर लिहिला. टॉल्कीनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्येही तटबंदी फोडणारा स्फोट सारूमानच्या, म्हणजे दुष्टांच्या बाजूने होतो. वीरकथेला बंदुकीचे वावडे आहे ते असे. परंतु आरिओस्तोचा आक्षेप नीट पाहिला, तर तो दारूवर नसून अंतरावर आहे असे दिसते. ज्याच्या समोर उभे राहण्याची हिंमत नाही त्यालाही दुरून मारता येणे, हे त्याचे खरे दुखणे.

मग जी बंदूक दुरून मारूच शकत नाही, तिचे काय?

ब्लंडरबस ही तशी बंदूक. मूळ डच शब्द 'डोन्डरबुस', म्हणजे गडगडाटी बंदूक. सतराव्या शतकात तो इंग्रजीत आला आणि तिथे 'ब्लंडर' या घोडचुकीच्या शब्दाशी त्याची गाठ पडली. या ठासणीच्या बंदुकीचे कर्ण्यासारखे तोंड छर्रे पसरवण्यासाठी असते, असा सार्वत्रिक समज आहे. वास्तविक छर्ऱ्यांच्या फैलावावर त्या तोंडाचा फारसा परिणाम होत नाही. त्याचा उपयोग भरताना: डुलत्या जहाजावर किंवा धावत्या गाडीवर दारू आणि छर्रे पटकन आत ओतता येतात. इंग्लंडात १७८४ पासून टपालाच्या घोडागाड्या धावू लागल्या, तेव्हा त्यांच्या रक्षकांना हीच बंदूक दिली गेली. जहाज, गाडी, घर अशा तिच्या जागा पाहिल्या की तिचा स्वभाव कळतो. चाल करून जाणाऱ्याचे हे शस्त्र नव्हे. हे राखणदाराचे शस्त्र आहे.

हा स्वभाव टॉल्कीनने अचूक हेरला होता. १९१९-२० मध्ये त्याने ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाच्या संपादनात काम केले होते. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या 'फार्मर जाइल्स ऑफ हॅम' या कथेत ब्लंडरबस म्हणजे काय, याचे उत्तर तो ऑक्सफर्डच्या चार पंडितांच्या तोंडून, म्हणजे कोशातूनच देतो आणि लगेच ते उत्तर आपल्या शेतकऱ्याला कसे लागू पडत नाही, हे मिस्कीलपणे दाखवतो. जाइल्स बंदुकीत मोडके खिळे, तारेचे तुकडे, फुटकी भांडी, हाताला लागेल ते कोंबतो. एरवी नुसती बंदूक दाखवली तरी त्याचे काम भागत असे. राक्षस शेतावर येतो तेव्हा मात्र घाबरलेल्या जाइल्सच्या हातून बार उडतो, थोडा माल राक्षसाच्या नाकात शिरतो आणि जाइल्स गावाचा वीर ठरतो. यात ना नेम आहे ना पराक्रम. आपल्या बांधावर उभे राहणे तेवढे आहे. पुढे ड्रॅगनशी गाठ पडते तेव्हा टॉल्कीन त्याच्या हाती तलवार देतो, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

आता खेळाकडे येऊ. वॉरहॅमरच्या दुनियेतील केऑस ड्वार्फ ब्लंडरबस घेऊनच लढतात. २०२३ पासून ते 'टोटल वॉर'च्या पटावरही आहेत. पण आम्ही २००३ साली सुरू झालेला 'बॅटल फॉर वेस्नॉथ' निवडतो, कारण तो मुक्त आहे आणि त्यात कोणालाही आपली तुकडी घालता येते. त्यातील बंदूकधारी बुटक्याचे नाव 'थंडरर', म्हणजे पुन्हा गडगडाटच. तो एका चढाईत एकच बार काढतो, १८ गुणांचा. छर्ऱ्यांची बंदूक करायची तर तेच १८ गुण ६-६-६ असे तीन फटक्यांत वाटता येतील. शत्रूला फटका लागण्याची शक्यता ४० टक्के धरली, तर दोन्हींची सरासरी ७.२ एवढीच येते. परंतु एकच बार ६० टक्के वेळा पूर्ण वाया जातो. तिन्ही फटके चुकण्याची शक्यता मात्र २१.६ टक्केच. उलट, तिन्ही लागून पूर्ण १८ गुण मिळण्याची शक्यता अवघी ६.४ टक्के. बार सहसा फुसका जात नाही, पण प्राणघातकही क्वचितच ठरतो. जाइल्सचा राक्षस नाक चोळत घरी गेला, तसेच हे.

एवढ्याने काम पुरे होत नाही. वेस्नॉथमध्ये सर्व हल्ले लगतच्या षट्कोनी घरांतूनच होतात. 'दुरून' आणि 'जवळून' हे केवळ हल्ल्यांचे प्रकार. तलवारवाला अंगावर आला तर थंडररला खंजिरानेच उत्तर द्यावे लागते. आमची सूचना अशी की छर्ऱ्यांचा मारा 'जवळून' या प्रकारात घालावा आणि तो फक्त प्रत्युत्तरात चालावा. अशी मर्यादा घालण्याची सोय या खेळात आहे. मग भालाईत घोडेस्वार दौडत येईल तेव्हा काय होईल पाहा. त्याच्या दौडीचा नियमच असा की तो दुप्पट इजा करतो आणि दुप्पट सोसतो. म्हणजे ६-६-६ चे १२-१२-१२ होतात. सरदाराचे शौर्यच छर्ऱ्यांना धार देते, आणि तरीही गोळी झाडणाऱ्याला भाल्याच्या टोकासमोर उभे राहावेच लागते.

ओर्लान्दोने बुडवलेली बंदूक या रूपाने पटावर परत आली, तर तिला आमची हरकत नाही. भ्याडाला शूराची बरोबरी तीही करू देते. पण त्यासाठी त्याने जागा सोडता कामा नये, ही अट घालून.